पोस्ट नंबर तीनचा झेंडा

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. निम्म्या गोष्टीपर्यंत तुम्ही हसलात तर मला आनंदच आहे, मीही तुमच्याबरोबर हसेन. पुढच्या निम्म्याचं काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

आता घोटाळे म्हणाल तर माझ्या हातून पुष्कळ झालेत. स्वतःच्या साखरपुड्याला शेजारच्या हॉलमध्ये शिरून, तिथल्या नवरदेवाच्या मामांशी तासभर गप्पा मारून, वर दोन जिलब्या खाऊन आलेला माणूस आहे मी! पण तो घोटाळा सांगताना लाज वाटत नाही. हा सांगताना वाटते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही शारजात राहत होतो. मी, बायको माधवी आणि मुलगी ईशा. माझी नोकरी दुबईत, एका कन्स्ट्रक्शन कंपनीत. पद काय? सेफ्टी ऑफिसर! म्हणजे दिवसभर साइटवर फिरायचं आणि ‘हेल्मेट कुठाय? बेल्ट लगाया क्या? नीचे उतरो!’ असं ओरडायचं. दर शनिवारी कामगारांना जमवून सुरक्षेवर एक तासाचं भाषण द्यायचं. ते मी उत्तम देत असे.

आणि मला गाडी चालवता येत नव्हती. म्हणजे मला वाटायचं येते, पण पोलिसांना तसं वाटत नव्हतं. पाच वेळा टेस्ट दिली, पाच वेळा नापास. शेवटच्या वेळी तर पोलिसाने गाडीत बसल्या बसल्या माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “हबीबी, यू अगेन?” गाडी सुरू व्हायच्या आधीच खलास!

अशा माणसाला मोटारींच्या शर्यतीत सुरक्षा अधिकारी कोण करेल? सांगतो.

आमचा प्रोजेक्ट मॅनेजर कॉलिन. स्कॉटिश, साडेसहा फूट, आवाज क्रेनच्या भोंग्यासारखा. एका बुधवारी त्याने मला केबिनमध्ये बोलावलं.

“बापट, यू आर सेफ्टी, राइट?”

“येस सर.”

“गुड. फ्रायडे, टू ओ’क्लॉक.”

एवढंच. मला वाटलं शुक्रवारी कुठेतरी स्लॅब असणार. मी डोक्यावर हेल्मेट, पायात बूट, कमरेला उंचीवर बांधायचा पट्टा, अशा थाटात कॉलिनच्या गाडीत बसलो. गाडी शहराबाहेर पडली, खोर फक्कानच्या रस्त्याला लागली, मग तोही रस्ता सोडून वाळूत वळली. समोर बघतो तर काय, डांबराचा एक लांबट गोल ट्रॅक आणि त्याच्यावर पंधरा-वीस खटारा गाड्या भुंकताहेत!

स्टॉक कार रेसिंग. जुन्या टोयोटा, जुन्या निसान घ्यायच्या. काचा काढायच्या, सीटं काढायची, आतून लोखंडी पाइपांचा पिंजरा वेल्ड करायचा आणि एकमेकांना घाशीत पळवायच्या. कॉलिनचा हा शुक्रवारचा छंद. हौशी लोकांचा क्लब होता आणि हा त्यांचा मुख्य अधिकारी. टॉवरवर, म्हणजे मचाणावर, दुर्बीण घेऊन बसायचा.

त्याने मला ट्रॅकच्या मागच्या बाजूला, पोस्ट नंबर तीनवर उभं केलं. एक छत्री, एक वॉकीटॉकी, एक आग विझवायचा सिलिंडर आणि जमिनीत रोवलेल्या प्लास्टिकच्या पाइपात तीन गुंडाळलेले झेंडे.

“यलो म्हणजे पुढे धोका, हळू चला. रेड म्हणजे सगळ्यांनी थांबा. ग्रीन म्हणजे सगळं ठीक आहे, पळा. सिंपल!”

सिंपलच होतं हो. लहान पोरालाही कळेल असं.

त्या पहिल्याच दिवशी गाड्यांमधून एक हाक आली. “काय वो, मराठी हाव काय?”

पांढऱ्या कोरोलाच्या खालून एक माणूस बाहेर आला. पन्नाशीचा, काटक, डोक्याला फडकं. दत्ताराम घाग. संगमेश्वरकडचा. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका गॅरेजमध्ये डेंटर. चेपलेले पत्रे ठोकून सरळ करणारा. अठरा वर्षं तो तेच करत होता आणि त्याचे हात असे होते की डोळे मिटून बॉनेटवरून फिरवायचा आणि सांगायचा, “इथं खड्डा हाय.” मला काही दिसायचं नाही. रंग लावला की खड्डा तिथंच निघायचा!

गॅरेजचा अरबाब, म्हणजे मालक, शर्यतींचा शौकीन. पण त्याचं पोट त्या पिंजऱ्यात मावेना. म्हणून तो म्हणाला, “यल्ला दत्ता, यू ड्राइव्ह.” आणि अठरा वर्षं दुसऱ्यांनी ठोकलेल्या गाड्या सरळ करणारा हा माणूस, चौदा नंबरची गाडी घेऊन स्वतः पळायला लागला.

आमची गट्टी जमली. दर शुक्रवारी सकाळी दत्ताभाऊ घरी यायचे, माधवीच्या हातचे पोहे खायचे आणि मला मोकळ्या मैदानात गाडी मागे घ्यायला शिकवायचे. चिडायचे नाहीत कधी. मी एकदा त्यांच्या अरबाबची पिकअप दिव्याच्या खांबावर घातली तर उतरले, खांबाकडे बघितलं आणि म्हणाले, “खांब बरा हाय.” दुपारी तेच मला ट्रॅकवर घेऊन जायचे. सुरक्षा अधिकाऱ्याला शर्यतीत पळणाऱ्याने लिफ्ट द्यायची, असा आमचा कारभार.

“पळायची पाळी देवाने उशिरा दिली,” ते म्हणायचे, “पण दिली. या सीझनला एक कप घेऊन जायचाय साहेब. सुनंदाला फोटो नाय, कपच दाखवायचा.” सुनंदा म्हणजे त्यांची बायको, गावी होती. सीझन संपला की ते कायमचे घरी जाणार होते.

आता पहिला घोटाळा ऐका.

त्यांच्या गावचा कुणीतरी सुट्टीवरून परत येताना सुनंदावहिनींनी दिलेली कोकम आगळाची बाटली आमच्या घरी ठेवून गेला होता. त्या शुक्रवारी दत्ताभाऊ सकाळी घरी येणार नव्हते, परस्पर ट्रॅकवर जाणार होते, म्हणून माधवीने मला चारदा बजावलं, “आठवणीने द्या. विसरायचं नाही.” मी विसरलो नाही! ट्रॅकवर पोचल्यावर बघितलं तर दत्ताभाऊ अरबाबशी बोलण्यात गुंतलेले. म्हणून मी बाटली त्यांच्या गाडीत ठेवली. ड्रायव्हरच्या सीटमागे, पिंजऱ्याच्या पाइपाला टेकवून. नंतर सांगू म्हटलं.

आणि मग हातात फॉर्म घेऊन गाड्या तपासायला निघालो. ते माझंच काम. बेल्ट आहे? आहे. सिलिंडर आहे? आहे. ‘गाडीत सुटी वस्तू नाही’, या ओळीवर चौदा नंबरसाठी टिक कुणी केली असेल? मीच! खाली सहीसुद्धा केली. झोकदार.

शर्यत सुरू झाली. दत्ताभाऊ त्या दिवशी असे पळत होते म्हणून सांगू! नवव्या फेरीला सगळ्यात पुढे. दहाव्या फेरीला माझ्या समोरून गेले आणि मी बघतो तर पांढऱ्या दारावरून लालभडक ओघळ!

रक्त! दुसरं काय वाटणार सांगा?

मी लाल झेंडा ओढला आणि असा हलवला की छत्री उडून गेली. वॉकीटॉकीवर किंचाळलो, “टॉवर! टॉवर! ब्लड! ड्रायव्हर ब्लीडिंग! अँब्युलन्स!” सगळ्या गाड्या थांबल्या. अँब्युलन्स धावली. कॉलिन मचाणावरून उतरून पळत आला. मी तर रडायच्या बेतात. आणि दत्ताभाऊ आरामात हेल्मेट काढून विचारताहेत, “काय झालं? कुणाला लागलं?”

गुल खान नावाचा एक पठाण होता, बंद पडलेल्या गाड्या ओढून नेणारा. त्याने दारावर बोट फिरवलं, हुंगलं आणि सरळ जिभेवर ठेवलं.

“साब,” तो कॉलिनला म्हणाला, “खून खट्टा है.”

सीटमागे बूच उडालेली बाटली सापडली. पुढचं काय सांगायचं? क्लबचा नियम होता, ज्या गाडीमुळे शर्यत थांबेल ती शेवटून सुरू करणार. पहिल्या नंबरवरचे दत्ताभाऊ सगळ्यांच्या मागून सुटले आणि पाचवे आले. कप गेला. माझ्यामुळे गेला.

परत येताना मी दत्ताभाऊंच्या शेजारी बसलो होतो. तेच बोलले.

“तोंड कशाला पाडलंय? लाल दिसलं की थांबवायचं. तेच तुमचं काम. खरंच रक्त असतं तर?”

“पण बाटली मीच ठेवली होती हो.”

“ते तर मला त्या फेरीच्या पहिल्या वळणावरच कळलं,” ते म्हणाले. “मानेवर गार पडलं. म्हटलं, घरचं काहीतरी आलंय.” आणि हसले.

बाकीचे लोक इतके मोठे नव्हते. पुढच्या शुक्रवारपासून माझं नाव मिस्टर कोकम. वॉकीटॉकीवर सुद्धा! “पोस्ट थ्री, मिस्टर कोकम, एनी सरबत टुडे?” ऑफिसात सगळ्यांना कळलं. ईशाने एक दिवस जेवताना विचारलं, “बाबा, व्हाय इज एव्हरीवन कॉलिंग यू कोकम?” माधवी ताटात बघत हसू दाबत होती.

मीही हसत होतो. हसण्यावारी न्यायचं, दुसरं काय? पण आत कुठेतरी ते जाऊन बसलं होतं.

कॉलिनने मात्र त्या प्रकारातून एक नवा नियम काढला. पोस्टवरच्या माणसाने परस्पर लाल झेंडा दाखवायचा नाही. आधी टॉवरला विचारायचं. “बी शुअर फर्स्ट, बापट,” तो म्हणाला. “खात्री कर आणि मग बोल.”

मी म्हटलं, “येस सर.”

शनिवारच्या भाषणात मी कामगारांना काय सांगत होतो माहितीये? ‘शंका आली की काम थांबवा, विचारत बसू नका.’ वर्षानुवर्षं सांगत होतो. आणि इथे मान डोलावली. तुम्ही म्हणाल, का बोलला नाहीस? सगळा क्लब हसत होता हो. हसणाऱ्या माणसांपुढे नियमाबद्दल वाद घालायला जी हिंमत लागते ती माझ्याजवळ नव्हती.

सीझनची शेवटची शर्यत. दत्ताभाऊंचं तिकीट पंधरा दिवसांवर आलेलं. त्या दुपारी वारा सुटला होता, वाळू उडत होती, माझ्या पोस्टवरून मचाण मधूनच दिसायचं नाही.

अर्ध्या शर्यतीत दत्ताभाऊंचं एक टायर गेलं. ते बदलून आले तेव्हा बाकीचे सगळे पुढे निघून गेलेले. मागच्या बाजूला ते एकटेच पळत होते. माझ्या समोरून गेले आणि मला डांबरावर त्यांच्यामागे एक बारीक चमकती रेघ दिसली.

हात झेंड्याकडे गेला. आणि थांबला.

मनात काय आलं सांगू? कोकम. दुसरं काही नाही. पाणी असेल, रेडिएटर असेल, परत सगळे येतील आणि गुल खान बोट चाटून दाखवेल.

मी वॉकीटॉकी उचलला. “टॉवर, पोस्ट थ्री. कार फोर्टीन. समथिंग लीकिंग.”

“व्हॉट इज लीकिंग?”

“आय थिंक…”

“थिंक ऑर शुअर, बापट?” मागून कुणीतरी हसल्यासारखं वाटलं. हसलंही नसेल. मला ऐकू आलं खरं.

“नॉट शुअर, सर.”

“स्टँड बाय. वॉच नेक्स्ट लॅप.”

पुढची फेरी. किती वेळ लागतो एका फेरीला? अर्धा-पाऊण मिनिट. मी नियमाप्रमाणे उभा होतो. मग वारा माझ्या दिशेने फिरला आणि वास आला. पेट्रोल. शंकाच नको. आणि समोरून वाळूतून चौदा नंबर येत होती.

मी नजर गाडीवरून न हलवता पाइपातला झेंडा ओढला आणि जिवाच्या आकांताने हलवायला लागलो. दोन्ही हातांनी! ओरडत होतो, “दत्ताभाऊ, थांबा! थांबा!” त्यांनी माझ्याकडे बघितलं. हात वर केला, नेहमी करायचे तसा. आणि गाडी आणखी जोरात पळवली.

वळणावर पोचायच्या आत खालून भडका उडाला.

मी झेंडा टाकला, सिलिंडर उचलला आणि पळालो. पोचलो. ते आत बेल्टचं बक्कल ओढत होते, बक्कल तापलेलं, निघत नव्हतं. मी सिलिंडरचा दांडा दाबला. काही येईना! परत दाबला. काही नाही. गुल खानने धावत येऊन तो माझ्या हातातून हिसकावला, वरची पिन उपटली आणि आग विझवली. पिन! हजार कामगारांना मी शिकवलं होतं, आधी पिन काढा. हजार!

दत्ताभाऊ वाचले. हात गेले. म्हणजे होते जागेवर, पण बोटं आखडली, कातडी ओढली गेली. डॉक्टर म्हणाले, आता एवढंच. चमचा धरता येईल कदाचित. हातोडा नाही.

अरबाब हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये भिंतीला डोकं टेकून रडत होता. माधवी रोज डबा घेऊन जायची आणि घास भरवायची. “वहिनी, मीठ जास्त झालंय आज,” असं ते मुद्दाम म्हणायचे, तिचे डोळे भरले की.

तिसऱ्या आठवड्यात कॉलिन फाइल घेऊन आला. क्लबची चौकशी. त्याने आधी मलाच विचारलं होतं. “डिड यू शो द रेड?” “येस सर,” मी म्हटलं, “पण रेघ दिसली तेव्हा नाही, त्याच्या पुढच्या फेरीला. एक फेरी उशीर झाला.” “मी वाट बघायला सांगितलं होतं म्हणून,” कॉलिन म्हणाला. त्याचाही चेहरा उतरला होता, वाईट माणूस नव्हता तो. पण फाइलीत ते त्याने लिहिलं नाही.

आता दत्ताभाऊंचा जबाब. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून दुभाषी मी. पलंगाच्या कडेला बसलो.

“आस्क हिम, डिड ही सी द फ्लॅग?”

“दत्ताभाऊ, झेंडा दिसला होता का?”

“दिसला.”

“व्हॉट कलर?”

“कुठला रंग होता?”

ते माझ्याकडे बघत राहिले. बराच वेळ. मला वाटलं, औषधांनी गुंगी आली असेल.

“लाल,” ते म्हणाले.

“रेड,” मी कॉलिनला सांगितलं.

“देन व्हाय डिडन्ट ही स्टॉप?”

“मग थांबला का नाहीत?”

“लिहा, माझी चूक झाली.”

“हिज मिस्टेक,” मी म्हटलं. कॉलिनने लिहिलं. दत्ताभाऊंना सही करता येत नव्हती, बँडेजमधून अंगठाही बाहेर नव्हता. साक्षीदार म्हणून खाली मीच सही केली.

कॉलिन गेल्यावर मी काय केलं माहितीये? त्यांना रागावलो! “अहो, मी एवढा गळा फाडून ओरडत होतो, लाल झेंडा नाचवत होतो, आणि तुम्ही हात दाखवून पुढे पळता? कपासाठी? काय म्हणावं तुम्हाला!” ते निमूट ऐकत होते. शेवटी म्हणाले, “बरोबर हाय साहेब. चुकलंच.”

क्लबने त्यांचं नाव कमी केलं. ‘लाल झेंडा डावलला’, असा शेरा मारून. तसंही ते परत पळणार नव्हते म्हणा.

विमानतळावर पासपोर्ट मीच धरला होता. काउंटरवरचा माणूस म्हणाला, सही. मग हातांकडे बघून म्हणाला, राहू दे.

त्यानंतर पाच-सहा वर्षं गेली. आमची ख्यालीखुशालीची पत्रं असायची, त्यांची सुनंदावहिनी लिहायच्या. आणि मी? मी दर शनिवारी भाषण देत होतो. त्यात आता एक नवीन गोष्ट होती. “देखो भाई, मेरा एक दोस्त था. बहुत अच्छा आदमी. लेकिन लाल झेंडा देखके भी नहीं रुका. उसका हाथ देखोगे तो रोओगे.” कामगार एकदम शांत व्हायचे. फार परिणामकारक भाषण होतं. कितीतरी जणांनी नंतर येऊन माझा हात हातात घेतला असेल.

एका सुट्टीत मात्र मी माधवीला म्हटलं, संगमेश्वरला जाऊन येऊ. ती एक फेरी मला सोडत नव्हती. त्यांना समोर बसवून सांगायचं होतं, की मी घाबरलो, विचारत बसलो, माझी पाऊण मिनिटाची चूक आहे.

रस्त्याच्या कडेला त्यांचं छोटं गॅरेज होतं. लांबूनच हातोडीचा आवाज येत होता. मला बरं वाटलं, म्हटलं, हात सुधारले वाटतं. जवळ जाऊन बघतो तर पदर खोचून सुनंदावहिनी एका जीपचं मडगार्ड ठोकत होत्या! आणि दत्ताभाऊ स्टुलावर डोळे मिटून बसले होते.

“वर घे थोडं. हां. आता हलकं. अजून हलकं. आवाज बदलला बघ. बस.”

वहिनींनी हात फिरवला. पत्रा सरळ झाला होता.

मला बघून ते उठले. दोन्ही मनगटांनी माझा हात धरला. बोटं वळत नव्हती ना.

चहा झाला. माधवी आणि वहिनी आत गेल्या. मी सुरुवात केली. कसं म्हणू, कुठून सांगू, असं करत करत सगळं सांगितलं. रेघ दिसली, हात थांबला, टॉवरला विचारलं. “एक फेरी आधी लाल झेंडा दाखवला असता दत्ताभाऊ, तर तुमचे हात…”

ते जमिनीकडे बघत होते.

“साहेब, तुम्हाला खरंच ठाऊक नाय?”

“काय?”

“मला वाटायचं तुम्हाला ठाऊक हाय आणि तुम्ही बोलत नाय. म्हणून मीही कधी बोललो नाय.” त्यांनी इकडेतिकडे बघितलं. “झेंडा हिरवा होता.”

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मराठीच बोलत होते ते, पण मला कळेना.

“तुम्ही हिरवा हलवत होता. दोन हातांनी. ओरडत होता. मला वाटलं, शेवटची शर्यत, साहेब आपल्याला जोर देताहेत. म्हणून हात दाखवला आणि पाय दाबला.”

वाळू उडत होती, मचाणावरून काही दिसत नव्हतं, मागच्या बाजूला दुसरी गाडी नव्हती. झेंडा मी टाकला तो वाऱ्याने कुठे गेला ते कुणी बघितलं नाही. जगात एकाच माणसाने तो रंग पाहिला होता. आणि त्याने कॉलिनला सांगितलं, लाल. तेही माझ्याच तोंडून!

“का?” मी विचारलं. “का सांगितलंत तसं?”

“मग काय सांगणार?” ते सहज म्हणाले. “सेफ्टी ऑफिसरने हिरवा दाखवला म्हणून लिहिलं असतं, तर तुमची नोकरी गेली असती. वहिनी तिथं, पोर शाळेत. माझे हात त्याने परत येणार होते काय? मी तसाही घरीच चाललो होतो.”

मी त्यांच्या दुकानात, त्या जीपच्या बाजूला बसून लहान मुलासारखा रडलो. सुनंदावहिनी बाहेर आल्या, घाबरल्या. “काय झालं भावजींना?”

“काय नाय,” दत्ताभाऊ म्हणाले. “पत्र्याची धूळ गेली डोळ्यात.”

मग मला आठवलं. सांगावं की नको? सांगितलं. शनिवारच्या भाषणाबद्दल. इतकी वर्षं, इतक्या लोकांना, ‘लाल झेंडा देखके भी नहीं रुका’.

ते हसायला लागले. खरंच हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “म्हणजे अख्ख्या दुबईत माझी बदनामी केलीत काय वो! किती जणांना सांगितलंत?”

“दोन-अडीच हजार असतील.”

“मग आता त्या सगळ्यांना शोधा,” ते म्हणाले.

त्या सगळ्यांना मी शोधू शकत नव्हतो. कुणी गावी गेले होते, कुणी दुसऱ्या कंपनीत. पण परतल्यावर पहिल्याच शनिवारी कॅम्पच्या हॉलमध्ये उभा राहिलो, समोर ऐंशी-नव्वद कामगार बसलेले. आणि सगळं सांगितलं. बाटली, वॉकीटॉकी, पिन, हिरवा झेंडा, हॉस्पिटलमधला जबाब. हिंदीत सांगितलं, माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत. मधे दोनदा थांबावं लागलं.

मग मागच्या रांगेतला एक तेलुगू वेल्डर उभा राहिला. चेष्टा करायला नव्हे, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

“साब, इतना सब हुआ, फिर कंपनी ने आपको निकाला नहीं?”

“नहीं भाई,” मी म्हटलं. “कॉलिन साब की रिपोर्ट में लिखा था, बापट ने मुसीबत में दिमाग ठंडा रखा. उस रिपोर्ट पर मुझे चीफ सेफ्टी ऑफिसर बनाया.”